नव्या कातड्याला जुनं पाणी

पहिल्यांदा तिच्याकडे माझं लक्ष गेलं तेव्हा ती एका कातड्याला रागावत होती.

मी त्या घरात राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारचं मागचं अंगण दिसतं. तिथे ओळीनं चार पिंपं होती, पत्र्याच्या छपराखाली एक तिरका ओंडका होता आणि ओंडक्यावर बकरीचं ओलं कातडं पसरलेलं होतं. समोर एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई एक हात कमरेवर ठेवून उभी. दुसऱ्या हातात दोन मुठींची बोथट सुरी. ती कातड्याला विचारत होती, "कुणी सोललं रे तुला? सुरीनं की दातांनी? आणि मीठ कधी लावलं? आठवण आल्यावर?"

बत्तीस वर्षं मी वर्गात असंच उभं राहून असेच प्रश्न विचारले होते. फरक इतकाच, की माझ्यासमोरची मंडळी अधूनमधून उत्तर देत.

तिनं वर पाहिलं. "नव्या आलात ना तुम्ही? वास येतोय?"

"येतोय," मी खरं ते सांगितलं.

"आठवडाभर येईल. मग कळायचा बंद होईल. नाही झाला तर सांगा. वासाला औषध नाही, पण नाकाचं काहीतरी बघू."

आठवड्यानं वास खरोखरच कळेनासा झाला.

गल्लीत तिला सगळे पिंपवाली म्हणत. तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. नवरा गेल्यापासून घर तिच्या हातावर चाललं होतं. मुलगा लांब कुठेतरी ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी असायचा. घरात ती आणि सून. दोन स्टेशनं पलीकडे बाजारात तिच्या दिराचं पिशव्या आणि पट्टे शिवायचं दुकान होतं. त्याला लागणारं बकरीचं चामडं सव्वीस वर्षं तिच्याच पिंपांतून जात होतं.

पण तिचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कामासाठी. लोक घरी हौसेनं कातडं कमावायला घेतात, बिघडवतात आणि मग फडक्यात गुंडाळून तिच्याकडे आणतात. दवाखान्यात यावं तसे येत. चेहरे पडलेले, बोलणं गोलगोल. ती आधी कातड्याला हात लावायचीच नाही, माणसाला विचारायची.

"मीठ कधी लावलं?"

"लगेच."

"लगेच म्हणजे?"

"म्हणजे... संध्याकाळी."

"आणि सोललं सकाळी. केस मुठीनं निघतायत, बघा. कातडं खोटं बोलत नाही हो, तुम्हीही कशाला त्रास घेता?"

मग निकाल. तिचे तीनच निकाल होते: होईल, बघू, आणि पुरा. केस गळायला लागलेल्या कातड्याचे केस पुन्हा धरत नाहीत. त्याला ती चुन्याच्या पाण्यात टाकून सगळे केस काढायची आणि साधं चामडं करून द्यायची. ते 'होईल'. फळीसारखं कडक झालेलं कातडं पुन्हा भिजवून, तेल जिरवून, अर्धवट ओलं असतानाच जमिनीत रोवलेल्या लाकडी खुंटाच्या बोथट धारेवर पुढेमागे ओढून मऊ करायची. तेही 'होईल'. "वाळताना हात लावायचा असतो," ती सांगायची. "वाळल्यावर नाही. माणसं नेमकी वाळायला टाकतात आणि जेवायला बसतात." बोट घातलं की आरपार जाणारं, कुजलेलं ते 'पुरा', म्हणजे मातीत. फेका असं ती कधी म्हणाली नाही.

तिची चार पिंपं म्हणजे चार इयत्ता, असं मी तिला एकदा म्हटलं आणि तिला ते फार आवडलं. चारीमध्ये झाडाच्या सालीचं पाणी. पहिल्या पिंपातलं सगळ्यांत जुनं, फिकं, आंबूस. चौथ्यातलं ताजं, कडक, काळंभोर. नवं कातडं कायम पहिल्या पिंपात जायचं. आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, शेवटी चौथ्यात. "नव्या कातड्याला जुनं पाणी," ती म्हणायची. "जुनं पाणी थकलेलं असतं, हळू आत शिरतं. ताजं पाणी दांडगं. ते पहिल्याच दिवशी वरचं तोंड आवळून टाकतं. मग आत काही जातच नाही. बाहेरून चामडं, आतून कच्चं." हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि तिनं ते माझ्यासमोर निदान पन्नास जणांना सांगितलं असेल.

मला ते पाठ होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना मला अजून स्वतःचा राग येतो.

गावातल्या गृहउद्योग केंद्रात नवे साहेब आले. ते माझेच विद्यार्थी. हुशार, नीटनेटका मुलगा. पाढे घडाघडा म्हणायचा, पण हे असं का, म्हटलं की खिडकीबाहेर बघायचा. त्यानं 'घरच्या घरी कातडी कमवा' असा वर्ग काढला. बावीस बायकांनी नावं दिली. वर्गासाठी त्यानं चार पानी पत्रक लिहिलं आणि छापण्याआधी माझ्याकडे तपासायला आणलं. मी लाल पेन घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, लांब वाक्यं तोडली, 'सदरहू' सगळीकडून काढलं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की नवं कातडं प्रथम ताज्या, कडक पाण्यात घालावं आणि उरलेलं जुनं पाणी पुढच्या टप्प्यांना वापरावं. मी तिथे एक स्वल्पविराम घातला आणि पान उलटलं.

साहेब पिंपवालीकडेही आले होते. सालीचं पाणी हवं होतं.

"आजी, पिंपभर पाणी द्या," ते म्हणाले.

"आजी कुणाची? मला अजून नातवंडं नाहीत," ती म्हणाली. "कुठलं देऊ? पहिल्याचं की चौथ्याचं?"

"ताजं द्या हो. बायकांना शिकवायचंय, जुनंपानं कशाला?"

तिला वाटलं, हे नेऊन पातळ करतील. शिकलेला माणूस आहे, त्याला सांगायचं काय? तिनं चौथ्यातलं दिलं. मागून सून म्हणाली, "आई, मीपण नाव दिलंय वर्गात."

सासू वळली. "घरात चार पिंपं आहेत."

"तिथे प्रमाणपत्र मिळतं."

"मग घे बाई. मी तर तुला नुसतं चामडं दिलं असतं." एवढंच. टोमणा मारला आणि कामाला लागली. सून पुढचे चार दिवस हसत होती, पण वर्गाला गेली.

पहिल्या आठवड्यात केंद्रात आनंदीआनंद. कातडी चार दिवसांत सुरेख तपकिरी झाली. फोटो निघाले. साहेबांनी भाषणात सांगितलं की पूर्वी लोक उगाच दीड-दोन महिने घालवत. सुनेनं तिचं कातडं घरी आणून दोरीवर वाळत टाकलं. सासूनं लांबून पाहिलं आणि काही बोलली नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं, कारण ती गप्प बसणारी बाई नव्हती.

वाळल्यावर ते फळी झालं. सुनेनं तेल चोळलं, खुंटावर ओढलं, तर वरचा पापुद्रा तडकला. तीन दिवस पाऊस झाला तसा त्याला वास यायला लागला, कच्च्या कातड्याचा. मग सासूनं खिशातली छोटी सुरी काढली, मानेकडच्या जाड भागाची एक बारीक चकती कापली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली. वर तपकिरी, खाली तपकिरी. मधोमध पांढरट पट्टा.

"पत्रकात लिहिलंय तसंच केलं मी," सून रडवेली झाली होती.

"आण ते पत्रक."

ती दोन्ही घेऊन माझ्याकडे आली, पत्रक आणि सून. तिसरं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "बाई, हे तुम्ही वाचलं होतं?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पत्रकाची घडी घातली आणि सुनेला म्हणाली, "चल, पाणी तापव."

बावीसच्या बावीस कातडी गेली होती. आता चूक कबूल करायला किती वेळ लागतो? एक मिनिट. 'टप्प्यांचा क्रम चुकला' एवढे तीन शब्द फळ्यावर लिहायचे. त्याऐवजी केंद्राच्या दारावर सूचना लागली. बाहेरून आणलेल्या सालीच्या पाण्यात दोष आढळल्यामुळे कातडी खराब झाली आहेत, पुढील वर्गासाठी पाणी अन्य ठिकाणाहून आणले जाईल. नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती. सालीचं पाणी करणारं गावात दुसरं होतं कोण? मी ती सूचना वाचली तेव्हा माझे कान तापले. त्या वाक्यात एकही चूक नव्हती, स्वच्छ, सुटसुटीत. तसं लिहायला मीच त्याला शिकवलं होतं.

ती आठ दिवस सहन करत राहिली. "बोलू दे," म्हणायची. पण नवव्या दिवशी दीर आला. एरवी यायचा तेव्हा कच्च्या कातड्यांचा गठ्ठा खांद्यावर असायचा. या वेळी हात रिकामे. तो अंगणात उभा राहूनच बोलला.

"वहिनी, या खेपेला माल दुसरीकडे दिलाय."

"का हो भावजी?"

"लोक विचारतात. पाणी खराब आहे म्हणतात. मला पट्टे विकायचेत, वहिनी."

"तुम्ही काय सांगितलंत लोकांना?"

"मी म्हटलं, असेल. वय झालंय तिचं. पूर्वीसारखं लक्ष राहत नसेल."

"किती दुकानांत म्हटलंत?"

"आता ते काय मोजलंय?"

"मोजा," ती म्हणाली. "लागेल."

तो गेल्यावर ती ओंडक्याला टेकून उभी राहिली. तिला रडताना मी पाहिलं नाही, तेव्हाही नाही. पण चौथ्या पिंपावरचं झाकण उचलून तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि माझ्या खिडकीकडे बघून मोठ्यांदा म्हणाली, "चांगलं आहे की हो! सांगा ना, काय वाईट आहे यात?" सव्वीस वर्षांत तिला स्वतःचं पाणी असं चाखून बघावं लागलं नव्हतं. निदान शंका म्हणून तरी नाही. मला त्या क्षणी साहेबांचा कान धरावासा वाटला. दोन्ही कान.

दुसऱ्या दिवशी तिनं खाटकाकडून एक ताजं कातडं आणलं, चुन्यात घालून केस काढले, धुतलं, खरवडलं आणि पाठीच्या कण्यावरून सरळ दोन भाग केले. एक सुनेपुढे टाकला.

"हे अर्धं तू करायचं. पत्रकातलं एक अक्षर बदलायचं नाही. बाई वाचतील, तू कर."

"आणि दुसरं?"

"ते मी करणार, माझ्या डोक्यात आहे तसं."

पाणी तेच, साल तीच. मी रोज खिडकीत उभी राहून मोठ्यानं पत्रक वाचायचे आणि सून तसं करायची. माझा तो स्वल्पविराम दर वेळी मला टोचायचा.

याच दिवसांत मागच्या दारानं बायका येऊ लागल्या. वर्गातल्याच. फडक्यात कातडं, नजर इकडेतिकडे. पुढच्या दारानं यायची हिंमत नव्हती, कारण पुढच्या वर्गात नाव हवं होतं. मला संताप आला. "यांची कातडी तुम्ही दुरुस्त करणार? यांच्यातली एक तरी बोलली का तुमच्या बाजूनं?"

"कातड्यानं माझं काय घोडं मारलंय?" ती म्हणाली आणि बाह्या सरसावल्या.

हे काम मी जवळून पाहिलं, म्हणून सांगते. कातडं दोन दिवस साध्या पाण्यात भिजत घालायचं. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, अगदी थोडा, आणि त्यात कातडं हातानं हलवत राहायचं. पाणी चहासारखं होतं; वरचा आवळलेला रंग सुटतो, तोंड उघडतं. ते पाणी ओतून पुन्हा तेच. मग खूप धुवायचं, सोड्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. मग ओंडक्यावर आतल्या बाजूनं पुन्हा खरवडायचं, जाड जागा पातळ करायच्या. आणि मग, जणू आजच सोललंय असं समजून, पहिल्या पिंपात. थकलेल्या पाण्यात. पहिल्या इयत्तेत. सगळी वाचत नाहीत. बावीसपैकी सतरा तिच्याकडे आली, त्यांतली अकरा झाली, सहा मातीत पुरली. झालेल्या अकरांवरही तडकल्याच्या बारीक रेषा राहिल्या. "या जाणार नाहीत," ती प्रत्येकीला सांगायची. "मी केलं ते मी केलं, पण झालं ते झालं."

केंद्रात वर्गाचं प्रदर्शन भरलं तोवर दोन महिने झाले होते. तिची अर्धी बाजू तयार होती. सुनेची अर्धी केव्हाच 'तयार' होऊन वाळून कडक झाली होती. प्रदर्शनाच्या दिवशी पिंपवाली धुतलेले कपडे घालून निघाली. काखेत दोन्ही अर्धी, हातात व्हिनेगरची बाटली. मी आणि सून मागे.

साहेब टेबलामागे उभे होते. टेबलावर पत्रकांची चळत, पाहुण्यांसाठी काचेचे पेले. बघ्यांत तिचा दीरही होता. तिनं दोन्ही अर्धी शेजारी शेजारी टाकली. कण्याची रेघ रेघेला जुळली.

"एकाच बकरीचं," ती म्हणाली. "एकाच पाण्यातलं. माझ्या त्याच खराब पाण्यातलं."

"आजी, आज कार्यक्रम आहे, आपण नंतर..."

"नंतर पाऊस पडतो, साहेब, आणि वास सुटतो."

कुणीतरी हसलं. तिनं दोन पेले पुढे ओढले, दोन्हींत बोटभर व्हिनेगर ओतलं, दोन्ही चामड्यांच्या कडेची एकेक पातळ चकती कापली आणि टाकली. "कमावलेलं असेल त्याला व्हिनेगरनं काही होत नाही. कच्चं असेल ते फुगतं." मग ती हाताची घडी घालून उभी राहिली. घाई नाही. बायका पुढे सरकल्या. थोड्या वेळानं एका पेल्यातल्या चकतीचा मधला पट्टा फुगून पारदर्शक झाला, खळीसारखा. दुसऱ्यातली होती तशीच, कडेपासून कडेपर्यंत तपकिरी.

"बरं, हे ठीक," साहेब म्हणाले. तो खिडकीबाहेर बघायला लागला होता. "पण करणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतं. हे खराब कुणी केलं, कसं केलं, कोण सांगणार?"

"मी केलं," सून म्हणाली.

मी तिला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिनं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं आणि पेल्याशेजारी ठेवलं. "तुमच्या वर्गात पहिली आले होते मी. तुमची सही आहे. पत्रकाबरहुकूम केलं, एक अक्षर बदललं नाही. बाईंनी वाचलं, मी केलं. आणि हे चांगलं माझ्या सासूनं केलं. आता सांगा, पाणी खराब की पान तीन खराब?"

"अरे," मी पण बोलले, "ते पान माझ्या हाताखालून गेलंय. चूक माझ्याही डोळ्यांसमोर होती. मी म्हणते ना चुकले. तू म्हण की."

तो म्हणाला नाही. पाहुणे आले असं कुणीतरी सांगितलं आणि तो त्यांच्या स्वागताला गेला.

पंधरा दिवसांनी नवं पत्रक निघालं. क्रम बरोबर: आधी जुनं पाणी, मग ताजं. शेवटी एक नवं पान, 'चुका झाल्यास उपाय'. भिजवणं, सोडा, पुन्हा खरवडणं, सगळं तिचं, जवळजवळ तिच्याच शब्दांत, आणि खाली 'तज्ज्ञांच्या अनुभवातून'. कोण तज्ज्ञ? दारावरची सूचना एक दिवस नाहीशी झाली. खोटी होती म्हणून काढली, असं कुणी लिहिलं नाही. मी केंद्राला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. हे मी विसरलेले नाही आणि माझ्या त्या विद्यार्थ्यानं हे वाचलं तर त्यानंही विसरू नये असं माझं म्हणणं आहे. हुशारीत काही कमी नव्हतं त्याच्या. कमी होतं ते एवढंच शहाणपण, की आपली चूक दुसऱ्याच्या पिंपात ओतू नये.

दीर आला, गठ्ठा खांद्यावर घेऊन. गठ्ठा त्यानं पायरीवर ठेवला.

"मोजलीत का दुकानं?" तिनं विचारलं.

"सात."

"मग सातही दुकानांत जाऊन सांगा. पाणी चांगलं होतं आणि मी चुकीचं बोललो. मग आणा माल."

"वहिनी, एवढं..."

"तुम्ही म्हणालात ना, वय झालंय. म्हणून सांगते, लवकर जा."

तो गठ्ठा परत खांद्यावर टाकून गेला. सातवं दुकान माझ्या भाच्याचं, वह्या-पेनांचं. त्यानं मला सांगितलं की पिशव्यावाले काका आले, काउंटरपाशी उभे राहिले, घाम पुसला, पाण्याबद्दल बोलले आणि काही न घेता गेले. त्याच संध्याकाळी गठ्ठा पुन्हा पायरीवर होता. तिनं उचलला, वरचं कातडं उलगडलं आणि ओरडली, "भावजी! मीठ कधी लावलंत?"

आता तिचे गुडघे दुखतात, ओंडक्यापाशी फार उभं राहवत नाही. खरवडायचं काम सून करते, ती स्टुलावर बसून सांगते. सोमवारी आणि गुरुवारी लोकांची बिघडलेली कातडी बघते, फक्त पुढच्या दारानं आलेली. काम वाढलंय, म्हणून पिंपं आता पाच आहेत.